नावापुरतं कॉलेज

कॉमर्सच्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना मी वर्षानुवर्षं एकच सल्ला देत आले: कॉलेज कुठलंही घ्या, नाव घालून ठेवा, लक्ष सीएवर. जळगावात प्रॅक्टिस करणाऱ्या आमच्यापैकी पुष्कळांचं हेच म्हणणं असतं आणि समोर बसलेल्या पालकांना ते आवडतं. फी थोडी, पोरगं घरीच, सकाळ-संध्याकाळ क्लास, आणि हजेरीचं कुणीतरी ‘बघून घेतं’. हा सल्ला मी आता देत नाही. का देत नाही ते लिहून ठेवायचं आहे, कारण ज्यांना तो दिला त्यांतले काही जण आज स्वतःच्या मुलांना घेऊन येतात आणि मी भलतंच काहीतरी सांगायला लागले की चमकून बघतात.

निमित्त झालं भाचीचं. ताईचं सासर पारोळ्याचं. पारोळा धुळे आणि जळगावच्या मध्ये आहे असं आपण म्हणतो, पण ते मध्यावर नाही. धुळं पस्तीसेक किलोमीटरवर, जळगाव त्याच्या दीडपटीहून लांब. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हा पारोळा पूर्वेकडे, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्याकडे, आलं. कचेरीचं काम जळगावला आणि मोठा दवाखाना, बस्ता, बाजार धुळ्याला, अशी त्या गावाची जुनी विभागणी आहे. त्यात धुळे-जळगाव महामार्गाच्या फागणे ते तरसोद या टप्प्याचं चौपदरीकरण इतकी वर्षं रेंगाळलं की जळगावला रोज जा-ये करायची गोष्ट कुणी काढली तर पारोळ्याचा माणूस हसायचा.

भाचीला दोन्हीकडे प्रवेश मिळत होता. एक कॉलेज धुळ्यातलं, एक जळगावातलं. नावं लिहीत नाही. गावं लहान आहेत आणि मला दोन्हीकडे क्लायंट आहेत. तिला ‘फायनान्स’मध्ये जायचं होतं. त्यात नेमकं काय, हे तिचं तिलाही ठरलेलं नव्हतं: कधी शेअर बाजारातलं संशोधन, कधी बँकेत कर्ज देणारी अधिकारी, कधी सीए. अठराव्या वर्षी एवढंच ठरलेलं असतं, त्यात वावगं काही नाही.

मी नेहमीप्रमाणे आखणी करून टाकली. जळगावच्या कॉलेजात नाव, राहायला माझ्याकडे, सकाळी सीएच्या पहिल्या परीक्षेचा, फाउंडेशनचा, क्लास, दुपारी अभ्यास, पुढे जमलं तर माझ्याच ऑफिसात बसायचं. ताई खूश. दाजी खूश. तिची आजी तेवढी म्हणाली, “धुळं जोडे शे. जळगावले कशाले धाडतस पोरले?” तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

भाचीनं विचारलं, “मावशी, मग कॉलेजात कधी जायचं?”

“कॉलेजात कशाला जायचं?”

“मग दोनातून निवडायचं तरी कशाला? जिथं जायचंच नाही ते कुठलंही असू दे की.”

यावर मी काहीतरी उत्तर दिलं असणार, कारण उत्तर न देता बसणं आमच्या धंद्यात जमत नाही. पण ते काय दिलं ते आता आठवत नाही. तिचं बोलणं मात्र माझ्या सल्ल्याच्या आतून निघालं होतं. कॉलेज नावापुरतंच असेल तर धुळे की जळगाव हा प्रश्न निव्वळ एसटीच्या भाड्याचा आहे, आणि २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे तोही फारसा राहिलेला नाही.

माझं मत त्या एका वाक्यानं बदललं असं कुणी समजू नये. ते आधीच आतून पोखरलेलं होतं.

आमच्या ऑफिसात एका जिनिंगवाल्या पार्टीची कॅश क्रेडिटची मर्यादा नूतनीकरणाला आली होती. बँकेला अशा वेळी सीएमए डेटा द्यावा लागतो: मागच्या वर्षांचे आकडे, चालू वर्षाचा अंदाज आणि पुढच्या वर्षांचा. आर्टिकलनं, म्हणजे आमच्याकडे उमेदवारी करणाऱ्या सीएच्या विद्यार्थ्यानं, एका बैठकीत शीट भरून आणलं. विक्री दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढलेली, करंट रेशो बँकेला लागतो तसा १.३३च्या जरा वर, ताळेबंद जुळलेला. एक पैसा इकडचा तिकडे नाही. मी विचारलं, दहाच टक्के का? म्हणाला, “मॅडम, मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये दहाच होते.” मी विचारलं, कापसाचा भाव पडला तर? तो शीटकडे बघत म्हणाला, “तो कॉलम नाहीये मॅडम.”

पोरगा हुशार. इंटर, म्हणजे सीएची मधली परीक्षा, पहिल्या झटक्यात पास झालेला. वडिलांची कोरडवाहू शेती चोपड्याकडे, त्यात कापूस. म्हणजे कापसाचा भाव पडतो म्हणजे काय होतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. २०२२ साली कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला आणि पुढच्या हंगामात त्याच आशेवर लोकांनी तो घरात, ओट्यावर, पडवीत साठवला, भाव उतरत गेला, कापूस पिवळा पडला. हे त्याच्या घरात घडलेलं होतं. पण घरातला कापूस आणि शीटमधला कापूस हे एकच आहेत असं त्याला कुणी कधी दाखवलं नव्हतं. जिनिंगचा धंदा दिवाळीच्या आसपास जागा होतो, चार-पाच महिन्यांत वर्षाची खरेदी उरकतो, तेव्हा बँकेची मर्यादा तुडुंब वापरलेली असते आणि पावसाळ्यात खातं रिकामं. अशा धंद्याचं ३१ मार्चचं चित्र हे वर्षभराचं चित्र नसतं. ही गोष्ट त्यानं स्वतः विचार करून शोधायला हवी होती. विचार करायला त्याला वेळच कधी मिळाला नव्हता. बारावीपासून तो क्लास, टेस्ट सिरीज, परीक्षा, ऑफिस या चार खांबांत फिरत होता. कॉलेजात त्याचं नाव होतं.

त्याच सुमारास दुसऱ्या एकीनं आयकराच्या नोटिशीला उत्तर लिहून आणलं. जुन्या फाइलमधलं उत्तर उचलून नाव बदललेलं. तिसऱ्या परिच्छेदात जुन्या पार्टीचं नाव तसंच राहिलेलं. मी ओरडले नाही. म्हटलं, हे बाजूला ठेव आणि तुझ्या शब्दांत लिही, इंग्रजीत नको, मराठीतच लिही, की या माणसाच्या खात्यात ही रोख रक्कम कुठून आली. अर्ध्या तासानं ती कोरा कागद घेऊन आली. तिला माहीत होतं सगळं. सांगता येत होतं. पण एकाखाली एक चार वाक्यं लिहून दुसऱ्याला पटवायचं, हे तिनं दहावीनंतर केलंच नव्हतं.

मी पूर्वी अशा वेळी म्हणायचे की ऑफिसात शिकतील. शिकायचेही. पण तेव्हा तीन वर्षं मिळायची, त्याआधी साडेतीन. सीएच्या २०२३च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांवर आली आणि इंटरचे दोन्ही ग्रुप पास झाल्याशिवाय ती सुरूच होत नाही. हा बदल आमच्याकडे पालकांपर्यंत नीट पोचलेला नाही. आधी एक ग्रुप निघाला की मुलगा ऑफिसात यायचा, सेकंड इयरला असतानाच. कॉलेज आणि ऑफिसच्या वेळा एकमेकांवर आदळायच्या, आणि मग काहीतरी सोडायचं तर कॉलेज सोडायचं, असा तो हिशेब होता. माझा सल्ला त्या हिशेबावर उभा होता. आता बहुतेकांची पदवीची बरीचशी वर्षं ऑफिसाशिवाय जातात. तरीही कॉलेज सुटतंच. म्हणजे कॉलेज ऑफिसमुळे सुटत होतं हे खरं नव्हतं, किंवा आता तरी राहिलेलं नाही. ते सवयीनं सुटतं.

दुसरीकडे, ऑफिसातलं जे काम करून पोरं तयार व्हायची ते काम आटत चाललं आहे. खरेदीची बिलं एकेक टाकून जुळवण्यात पूर्वी आर्टिकलचे आठवडे जायचे. २०२०पासून जीएसटीच्या पोर्टलवर खरेदीच्या बिलांचं विवरण, टू-बी, आपोआप तयार होऊन येतं. बँकेचं स्टेटमेंट सॉफ्टवेअर वाचतं. उरतं ते काय? या पार्टीला कर्ज पेलवेल का, हा माणूस खरं सांगतोय का, भाव पडला तर काय, आणि हे सगळं समोरच्याला समजेल असं लिहिणं. म्हणजे नेमकं तेच, ज्याचा कॉलम नाहीये.

इथं एक गोष्ट मला स्वतःविषयी सांगावी लागेल, आणि ती सांगताना थोडं अवघडल्यासारखं होतं. माझा सल्ला मी नेहमी स्वतःच्या उदाहरणावर संपवायचे. मी अमळनेरची, साध्या घरातली, प्रताप कॉलेजातून बी.कॉम., जळगावात आर्टिकलशिप, सुरत-भुसावळ लाइनवरच्या गाडीनं जा-ये, आणि झाले सीए. कुठं गेले पुण्या-मुंबईला? कॉलेजानं काय फरक पडला? समोरच्या आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला ही गोष्ट सांगायला फार आवडायची.

भाचीच्या प्रश्नानंतर ती गोष्ट मी मनातल्या मनात पुन्हा सांगून पाहिली तेव्हा लक्षात आलं की तिच्यात तीन वर्षं गाळलेली आहेत. मी बी.कॉम. पूर्ण करून, चांगले गुण मिळाल्यामुळे फाउंडेशन माफ होऊन, मग आर्टिकलशिपला लागले होते. म्हणजे पदवीची तीन वर्षं मी कॉलेजात जातच होते. रोज. दुसरं करण्यासारखं गावात काही नव्हतंच. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ तेव्हा नवं नवं होतं, १९९०ला स्थापन झालेलं. त्याआधी आमच्या भागातल्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या असायच्या. संख्याशास्त्राचे सर फळ्यावर आलेख काढायचे आणि अर्ध्या तासानंतर तो पुसून विचारायचे, आता न बघता सांगा, कुठं वळला होता? अर्थशास्त्राचा तास कंटाळवाणा होता, पण त्यात निबंधासारखी उत्तरं लिहायला लागायची. आणि एक सर होते, ते विप्रोचा वार्षिक अहवाल वर्गात आणायचे.

हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. विप्रो ही कंपनी अमळनेरची. २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावानं ती नोंदली गेली, वनस्पती तुपासाठी, आणि लगेच दुसऱ्या वर्षी तिचे शेअर लोकांना विकायला निघाले. प्रताप कॉलेजही त्याच १९४५चं. संस्थापक एम. एच. हाशम प्रेमजींच्या निधनानंतर १९६६ साली त्यांचा मुलगा अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्ध्यावर सोडून आले, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. अमळनेरात ज्या घरांनी ते शेअर विकले नाहीत त्यांचं काय झालं, याच्या गोष्टी तर गावाबाहेरही पोचल्या. आमच्या घरी एकही शेअर नव्हता, हेही सांगून टाकते. पण वर्गात कुणा ना कुणाच्या घरी तो अहवाल टपालानं आलेला असायचाच. सर म्हणायचे, बोनस शेअर मिळाला म्हणजे तुमच्या बापाला फुकट काही मिळालं का? मिळालं असेल तर कुणाकडून? मिळालं नसेल तर घरात पेढे का वाटले? आम्ही भांडायचो. तास संपायचा. सर उत्तर न देता निघून जायचे. मला वाटतं, ताळेबंद वाचायला मी तिथं शिकले, जळगावच्या ऑफिसात फक्त तो भरायला शिकले. पण पुढे तीसेक वर्षं मी श्रेय दिलं ते ऑफिसाला आणि सीएच्या परीक्षेला, कारण त्या गोष्टीला कष्टाचा वास होता आणि कॉलेजात आपण काही विशेष केलं असं वाटलंच नव्हतं.

म्हणजे स्वतः तीन वर्षं कॉलेजात जाऊन मी दुसऱ्यांच्या मुलांना सांगत होते, जाऊ नका.

कॉलेजं आता तशी राहिलेली नाहीत, हे मला कळतं. जागा भरल्या जात नाहीत, शिकवणारे तासिका तत्त्वावर, आज इथं उद्या तिथं. वर्गात चार टाळकी असली की चांगला शिक्षकही मनानं खचतो. मुलं येत नाहीत म्हणून शिकवणं बसतं, शिकवणं बसलं म्हणून मुलं येत नाहीत, आणि क्लासवाले दोन्हीकडून खूश. आम्ही सीए लोकही या चक्रात हात लावून उभे आहोत, फक्त तसं म्हणत नाही. पण म्हणूनच दोन कॉलेजांतून निवडायचं असेल तर निवडीला अर्थ आहे असं मला आता वाटायला लागलं आहे. सगळीकडे सारखं मोडलेलं नाही.

मग आम्ही दोन्ही कॉलेजं बघून आलो. माहितीपत्रक बघितलं नाही. प्लेसमेंटचे फलक असतात, त्यावर हसरे चेहरे असतात, ते बघून काही कळत नाही. चालू दिवशी, अकराच्या सुमाराला गेलो आणि वर्गांच्या दारांवरून चाललो. किती बाक भरलेत? वाचनालयात कोण बसलंय, आणि बसलेला क्लासच्या नोट्स वाचतोय की तिथलं पुस्तक? संख्याशास्त्र शिकवणारा माणूस कायम आहे का? एका शिपायानं आम्हाला जेवढी माहिती दिली तेवढी कुठल्याच वेबसाइटवर नव्हती. शिपायांना सगळं माहीत असतं.

संख्याशास्त्रावर मी एवढी का अडले, ते सांगते. फाउंडेशनलाही तो विषय आहे, पण तिथं चारांतून एक पर्याय निवडायचा असतो आणि चुकला तर गुण कापले जातात. मुलं युक्त्या पाठ करतात. आणि आमच्याच जिल्ह्यात रावेर-यावलच्या केळीवाल्याला फळपीक विम्याचा प्रश्न दरवर्षी पडतो. तो विमा हवामानावर चालतो. थंडी-उष्णतेच्या नुकसानीत केळी किती गेली हे कुणी मोजत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर थंडीत पारा ठरावीक आकड्याखाली किंवा उन्हाळ्यात ठरावीक आकड्यावर सलग ठरलेले दिवस राहिला का, ते बघतात. एखाद्याची बाग झोपते आणि पैसे येत नाहीत, दुसऱ्याची उभी असते आणि येतात. शेतकरी चिडतो, त्यात त्याचं काही चुकत नाही. पण हे असं का बांधलंय, हप्ता कसा ठरतो, कोण किती धोका उचलतंय, हे संख्याशास्त्राच्या आधारानं समजावून सांगणारा माणूस रावेरात असायला नको का? ते मुंबईत शिकायचं आणि मुंबईतच वापरायचं असं थोडंच आहे? फायनान्स म्हटलं की आपल्या पोरांना दलाल स्ट्रीट दिसतो. इथं सराफ बाजार आहे, डाळ मिल आहेत, पतसंस्था आहेत, आणि पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदारांच्या डोळ्यांतलं पाणी या जिल्ह्यानं पाहिलं आहे. त्या संस्थांचे ताळेबंदही कुणीतरी भरलेच होते. जुळलेही असतील.

दाजींनी मध्येच वेगळा मुद्दा काढला. कॉलेजाला एवढं महत्त्व असेल तर मग पुणंच का नको? बीएमसीसी आहे, १९४३चं. मुंबईत सिडनहॅम आहे, १९१३चं, आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज. पूर्वी मी म्हणायचे, पुण्यात काय सोनं लागलंय, सोनं तर जळगावात. टाळी मिळायची. आता तसं म्हणत नाही. फायनान्समधल्या काही नोकऱ्या अशा आहेत की त्या देणाऱ्या कंपन्या मोजक्याच आवारांत पाय ठेवतात, आणि धुळ्याची मुलगी कितीही हुशार असली तरी त्या तिला शोधत धुळ्याच्या देवपुरात येणार नाहीत. हे पालकांपासून लपवणं बरं नाही. पण त्या दारांपैकी बरीचशी एमबीएच्या वेळी किंवा सीए झाल्यावर पुन्हा उघडतात. मुंबईच्या जमनालाल बजाज मॅनेजमेंट संस्थेत सीईटीचे गुण बघतात. आयआयएम कॅटच्या गुणांच्या जोडीला दहावी, बारावी आणि पदवीचे गुण बघतात. म्हणजे पदवीचे गुण तर हवेतच, आणि इंटरच्या अभ्यासात गळ्यापर्यंत बुडालेली, कॉलेजात न जाणारी मुलं नेमकी तिथंच ढेपाळतात. ज्यांची ऐपत आहे आणि ज्यांचं ठरलेलं आहे त्यांनी खुशाल पुण्याला जावं, मी आता स्वतः सांगते. आमच्याकडे पैशाचं गणित बसत नव्हतं आणि भाचीचं ठरलेलंही नव्हतं. न ठरलेल्या गोष्टीसाठी दाजींनी कर्ज काढावं, हे मला पटेना.

मुलगी म्हणून जवळ ठेवायची, हा मुद्दा कुणी उघड काढला नाही. पण तो खोलीत होता. मी तो उघड काढला, कारण मलाही तो एके काळी लागू झाला होता: भाऊ पुण्याला गेला, मी अमळनेरला राहिले. भाचीला म्हटलं, तू या कारणासाठी धुळं निवडणार असशील तर निवडू नकोस. ती म्हणाली, आजीचं ऐकायचं म्हणून नाही, पण आजीचं उत्तर बरोबर निघालं तर मी काय करू?

धुळं निवडलं ते यासाठी की तिथं ती जाईल. सकाळची एसटी, तिच्यासारख्याच शिंदखेडा-साक्रीकडून पास काढून आलेल्या मुली, वर्ग बऱ्यापैकी भरलेला, कारण गाडीभाडं घालून आलेली मुलं निदान बसतात तरी. जळगावच्या कॉलेजात काही खोट होती असं नाही. शिकवणारे कदाचित तिकडचे उजवे होते. अडचण माझ्या घराची होती. ती माझ्याकडे राहिली असती तर पहिल्याच महिन्याच्या वीस तारखेला, जीएसटीच्या थ्री-बी विवरणपत्रांच्या गडबडीत, मीच तिला म्हटलं असतं, आज कॉलेज राहू दे, जरा ऑफिसात ये. आणि मग ते राहिलंच असतं. मी स्वतःला ओळखते.

सीए मावशी जळगावात असून पोरगी धुळ्याला, यावरून नात्यात बरीच चर्चा झाली. आमच्यात काही बिनसलं असा एक निष्कर्ष निघाला. तो मी खोडून काढलेला नाही. खरं कारण सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही, असा अनुभव आहे. भाची पहिल्या वर्षाला आहे. फाउंडेशनचा फॉर्म अजून भरलेला नाही. पदवीला ५५ टक्के पडले तर थेट इंटरला बसता येतं, हे तिनंच मला ऐकवलं. अर्थशास्त्राच्या तासाला कंटाळा येतो म्हणते. येऊ दे.

ऑफिसात मी एक बदल केला आहे. आर्टिकल घेताना इंटरची मार्कशीट बघते तशी कॉलेजातली हजेरी विचारते, आणि एक पानभर लिहून घेते: तुमच्या घरचा किंवा गावातला कुठलाही एक धंदा घ्या, त्यात पैसा कधी अडकतो आणि कधी सुटतो ते लिहा. मराठीत लिहिलं तरी चालतं. सोनाराच्या मुलानं सोनारकीवर लिहिलेलं एक पान मी जपून ठेवलं आहे, फार सुंदर आहे. पण बरेच जण प्रश्न वाचून कागद परत देतात आणि समोरच्या गल्लीतल्या ऑफिसात जातात, तिथं उद्यापासून ये म्हणतात. माझे पार्टनर म्हणतात, मॅडम, असंच चाललं तर सप्टेंबरातली ऑडिटं आपण दोघांनीच टिकमार्क करायची का? त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. टॅक्स ऑडिटचा हंगाम तोंडावर आहे आणि आमच्याकडे एक टेबल अजून रिकामंच आहे.